आतल्या खोलीतली आत्या

प्रणय लांजेवारच्या पहिल्या बिअरला सडक्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा असा काही मिळून वास आला, की मोठ्या तोऱ्यात घरी बोलावलेल्या मित्रांनी पहिल्याच घोटाला एकापाठोपाठ एक बेसिन गाठलं.

"खरं सांग बे, हे प्यायला दिलं का फरशी पुसायला?" पंकज नगराळे तोंड पुसत म्हणाला. पंकजची वर्धा रोडला स्वतःची छोटी ब्रुअरी होती, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"अरे, सगळं बरोबर केलं मी," प्रणय कळवळून म्हणाला. "मागच्या खोलीत कूलर लावला, ड्रमला ओली गोणपाटं गुंडाळली. थर्मामीटर चोवीसच्या वर एकदाही गेला नाही."

"थर्मामीटर कुठं लावला होता?"

"भिंतीला."

"भिंत बनवते का बिअर? ड्रमच्या पोटात काय चाललंय ते पाहायचं सोडून हा भिंतीचा ताप मोजून राहिला!"

सगळे खो खो हसले. प्रणयही हसला, पण आतून पार खट्टू झाला. कारण हे नेहमीचंच होतं. दर वर्षी नवा नाद, दर वर्षी त्याचा बोऱ्या. बासरी कपाटावर पडली होती, सायकल पार्किंगमध्ये गंजत होती, गच्चीतल्या मशरूमला तर बुरशी लागली होती, आणि मशरूमला बुरशी लावून दाखवणारा माणूस विरळाच. नोकरी म्हणाल तर उत्तरपत्रिका तपासणारी यंत्रं नीट तपासतात की नाही हे तपासायची, घरबसल्या. म्हणजे माणसाच्या हातून काही घडतंय असं वाटावं असं दिवसभरात काही नाही. सरकारनं घरी बिअर करायला परवानगी दिली तेव्हा त्यानं सगळ्यात मोठ्या मापाचा ड्रम आणला होता तो काही उगाच नाही.

जाताना पंकजनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुन्हा कर. जमलं ना, तर माझ्याकडच्या बिअरच्या एका नळावर तुझं नाव लावतो. लांजेवार स्पेशल."

नवशिके सगळे इथंच फसतात, त्यात प्रणयचा फारसा दोष नाही. बिअर करायची म्हणजे मोड आणून भाजलेलं जव गरम पाण्यात मुरवायचं, त्याचा गोड काढा हॉप्स नावाची कडसर फुलं घालून उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढचं सगळं यीस्ट करतं. ते साखर खातं, अल्कोहोल बनवतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं, आणि या सगळ्या खटाटोपात स्वतःच तापतं. खोली चोवीस अंशांवर असली तरी ड्रमच्या मध्यावर तिशी गाठलेली असते. एवढ्या उष्णतेत यीस्टच्या डोक्यात वारं शिरतं. ते अधाशासारखं साखर फस्त करतं आणि नको नको ते वास मागे ठेवतं. तेच अठरा-वीस अंशांत ठेवा, की शहाण्या मुलासारखं हळूहळू, नीटनेटकं काम करतं. तेव्हा बिअर करणाऱ्यानं बिअर करायचीच नसते. त्यानं गारवा करायचा असतो.

आणि गारवा ही त्या दिवसांतल्या नागपुरात साधी गोष्ट राहिली नव्हती. मे महिन्यात पारा पन्नाशीला टेकायचा. घरोघरचे एसी केव्हाच बंद झाले होते, कारण एसी उष्णता मारत नाही, नुसती बाहेर फेकतो. शहरभरच्या एसींनी फेकलेल्या उष्णतेनं रस्ते रात्रीसुद्धा निवत नव्हते. म्हणून मोठ्या इमारतींना 'सावली' बसवली गेली. इमारतीखाली क्षाराची एक प्रचंड टाकी. दिवसा गच्चीवरच्या सौरपट्ट्यांच्या विजेवर तो क्षार गोठवायचा, आणि तो वितळताना जो थंडावा देतो तो पाण्याच्या नळ्यांतून प्रत्येक घराच्या छतात फिरवायचा. टाकीत असेल तेवढाच गारवा. एका खोलीत जास्त गेला तर दुसरीकडे कमी होणार, हे साधं गणित.

वाटणी सावलीच करायची. कुणाच्या घरात डोकवायला कॅमेरे लावणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक बटणाएवढं यंत्र होतं. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं, म्हणजे एका अर्थी माणसांचे श्वास मोजायचं. रिकाम्या खोलीला गारवा नाही, भरल्या खोलीला माणसांच्या मानानं. आणि एखाद्या घरी कुणाला ऊन लागलं असेल, तर सावली सगळ्या इमारतीला विचारायची: एका घरी आजारी माणूस आहे, तुमच्यातला थोडा गारवा द्याल का? कोण मागतंय, कोण देतंय, नाव नाही. फक्त देणारी घरं किती ते घरातल्या सावलीच्या पाटीवर दिसायचं. पूर्वी उन्हाळ्यात दारापुढे पाणपोई मांडायचे तसं लोकांनी हे मनावर घेतलं होतं. मानेवाड्याच्या त्या शुभंकर अपार्टमेंटमध्ये तर कुणी मागितलं आणि मिळालं नाही, असं कधी झालं नव्हतं.

प्रणयनं दुसरा ड्रम लावला तो ऐन मे महिन्यात. "थंडीपर्यंत थांब की," पंकज फोनवर म्हणाला होता. पण हा पठ्ठ्या थांबतो कसला! त्यानं या वेळी थर्मामीटर थेट ड्रमच्या पोटात सोडला, ड्रम आतल्या छोट्या खोलीत ठेवला आणि दार लावून घेतलं. पहिल्या दिवशी ठीक होतं. दुसऱ्या दिवशी यीस्टनं जोर धरला, नळीतून गुडगुड बुडबुडे यायला लागले आणि काटा वर सरकू लागला. बर्फाच्या पिशव्या झाल्या, ओली चादर झाली. काटा ऐकेना. प्रणयला पुन्हा बेसिनकडे धावणारे मित्र दिसू लागले.

तेवढ्यात बैठकीतल्या सावलीच्या पाटीवर अक्षरं उमटली. 'आतल्या खोलीत कुणी सतत झोपून आहे. ऊन लागलं आहे का?'

प्रणय आधी चक्रावला, मग त्याला हसू फुटलं. बंद खोलीत एवढं मोठं यीस्टचं पिंप उसासे टाकत होतं. भिंतीतल्या यंत्राला वाटलं, माणूस आहे! खोलीबाहेर न जाणारा, रात्रंदिवस श्वास टाकणारा माणूस. त्यानं 'नाही' दाबायला बोट पुढे केलं, आणि खालची ओळ वाचली. 'असल्यास खोली अठरा अंशांपर्यंत थंड करता येईल.'

अठरा. पंकज सांगून सांगून थकला होता तो आकडा.

त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यालाच ठाऊक. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. खालच्या क्लबहाउसात नुसते पत्ते कुटतात, तिथला गारवा वायाच जातो, तिथूनच येईल. आणि मी काही मागायला गेलो नव्हतो, यंत्रानं आपणहून विचारलं. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. त्यानं 'हो' दाबलं. थोड्या वेळात आतल्या खोलीत अशी गार झुळूक सुटली, की तो स्वतःच जाऊन ड्रमशेजारी फतकल मारून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या ठवकर काकू. ज्योत्स्ना ठवकर, जन्मभर एसटीत कंडक्टर. आवाज असा, की भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जायचा. नवरा गेला, मुलगी मृणाल अमरावतीला, आणि काकूंच्या एकट्या घराची एक किल्ली कायम प्रणयकडे, कारण त्यांना आपलीच किल्ली कुठं ठेवली ते आठवायचं नाही.

"काय रे, तुमच्याकडं आहे का आजारी?" काकूंनी चप्पल काढता काढताच विचारलं. "कालपासून तुझा चेहरा नाही दिसला, अन् पेपर दारातच पडून. म्हटलं, सावलीनं मागितलं ते याच्याच घरासाठी असंल."

आता नाही म्हणायला हवं होतं. नुसतं हसून म्हणायचं, अहो काकू, गंमत झाली. काकूंनी कान उपटला असता आणि विषय संपला असता. पण कान उपटून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

"आत्या आली आहे," तो म्हणाला. "गोंदियाची. येताना ऊन लागलं तिला."

"अगं माय! मग मला सांगायचं नाही का? पाहू दे मला."

"झोपली आहे आता. डॉक्टरांनी कुणाला भेटू द्यायचं नाही सांगितलं."

"बरोबर आहे, नको उठवू. बोलते का? लघवी होते ना नीट? ते पाहत जा, ऊन लागलेल्याचं तेच पाहायचं असतं." काकूंनी दाराकडे पाहत आवाज खाली आणला, आणि तो आवाज खाली आणणं त्यांना किती जड जातं ते प्रणयला माहीत होतं. त्यानं मान डोलावली. ड्रममधून एक बुडबुडा गुडगुडला. काकूंनी तोंडाला पदर लावला. "घोरते बिचारी," त्या कुजबुजल्या.

त्या दिवसापासून रोज दुपारी वरून काही ना काही यायला लागलं. कैरीचं पन्हं. ज्वारीची आंबील, जिरं घालून, पातळ. उशाशी ठेवायला दोन पांढरे कांदे. मऊ भात आणि त्यावर तूप, सोबत निरोप की आत्यांना सांग, दोन घास तरी खा. डबे घेऊन काकू स्वतः उतरायच्या, कारण भर दुपारी जिन्यात चिटपाखरू नसायचं. प्रणय डबा घेताना खाली पाहायचा. सगळं स्वयंपाकघरात उभ्यानं खायचा, डबा घासून परत द्यायचा आणि 'आत्याला आवडलं' म्हणायचा. एकदा आंबील घशाखाली उतरेचना. त्यानं ती थोडी बेसिनमध्ये ओतली, मग स्वतःचीच शिसारी येऊन उरलेली मुकाट प्यायला.

"काकू, तुम्ही फार घामाघूम झालात," तो एकदा म्हणाला.

"मला काय होतंय? मी मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत उभी राहायची. बसणारे बसायचे, आणखी चार उभे राहायचे, सगळे घरी पोचायचे. थोडं सरकून घेतलं की सगळ्यांना जागा होते."

त्या काय सांगत होत्या ते त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. त्यानं ते स्वतःला कळू दिलं नाही.

आठवडा संपत आला तसा बुडबुड्यांचा जोर ओसरला. हे व्हायचंच होतं. साखर संपली की यीस्ट दमतं, तळाशी बसतं. प्रणयनं नळी उघडून थेंबभर बिअर जिभेवर ठेवली. स्वच्छ! केळं नाही, नेलपॉलिश नाही. जवाची गोड खरपूस चव आणि मागे हॉप्सचा हलका कडूपणा. त्यानं आनंदानं पंकजला फोन लावला.

"भले!" पंकज म्हणाला. "पण आता घाई नको. अजून थोडे दिवस गार ठेव. आत्ता खोली तापली तर थकलेलं यीस्ट मरतं अन् पोटातलं सगळं बिअरमध्ये ओकतं. हातातोंडाशी आलेलं जाईल."

इकडे भिंतीतल्या यंत्राला यातलं काय कळणार? त्याच्या लेखी आतल्या खोलीतलं माणूस इतके दिवस श्वास घेत होतं आणि आता तो श्वास मंदावत चालला होता. सकाळी पाटी लाल झाली. 'आजारी व्यक्तीचा श्वास मंदावत आहे. रुग्णवाहिका बोलवायची का?' खाली दुसरा पर्याय होता, 'डॉक्टर घरी आहेत'. प्रणयनं पाटी पुन्हा वाचली. खरं सांगितलं तर गारवा बंद. मित्रांच्या हसण्याचा आवाज त्याच्या कानात घुमला. फक्त आजचा दिवस, उद्या बाटल्या भरतो आणि सगळं मिटवतो, असं म्हणत त्यानं दुसरं बटण दाबलं.

सावलीनं मग तिला शिकवलेलं तेच केलं. साऱ्या इमारतीला हाक दिली. 'आपल्या इमारतीत एका व्यक्तीची प्रकृती गंभीर आहे. जमेल तेवढा गारवा द्या.'

दुपारी मृणालचा अमरावतीहून फोन आला. "प्रणयदादा, आई फोन उचलत नाही. जरा वर जाऊन पाहतोस?"

तो किल्ली घेऊन जिना चढला. दार उघडल्याबरोबर अंगावर भट्टीसारखी हवा आली. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आडव्या पडल्या होत्या. डोळे अर्धवट उघडे, कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली. घाम नाही. गॅसवर पातेलं, शेजारी आत्याचा डबा, त्यात भात भरलेला. त्यानं मडकंभर पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, ओल्या चादरी ओढल्या, रुग्णवाहिकेला ओरडून पत्ता सांगितला. आणि मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीवर काकूंच्या घराची पाटी दिसली. 'या घराचा सर्व गारवा रहिवाशाच्या इच्छेनं आजारी व्यक्तीसाठी देण्यात आला आहे. धन्यवाद.'

सगळा. इतरांनी थोडा थोडा दिला होता. काकूंनी सगळा दिला होता, कारण इतरांनी आत्याचं घोरणं ऐकलं नव्हतं.

सावलीला त्यांचं पडणं कळलंच नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईचा श्वास तसाही बेताचाच, यंत्राला वाटलं झोपली असेल. शिवाय त्यांनी राजीखुशीनं दिलं होतं, आणि राजीखुशीनं देणाऱ्यावर लक्ष ठेवायचं यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

काकू जगल्या. पण माणसाच्या मेंदूच्या मागच्या बाजूला तोल आणि बोलणं सांभाळणारा एक भाग असतो, आणि त्यातल्या पेशींना उष्णता सोसत नाही. गेल्या की त्या परत येत नाहीत. डॉक्टरांनी हे मृणालला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सांगितलं, तेव्हा प्रणय मागे उभा होता. आधाराशिवाय चालता येणार नाही. बोलणं जड होईल. आणि पुन्हा असं ऊन लागलं तर वाचणार नाहीत.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी भोयर साहेब चार-सहा जणांना घेऊन दवाखान्यात आले. त्यांनी सगळ्यांदेखत प्रणयचा हात हातात घेतला. "स्वतःची आत्या घरात अत्यवस्थ, तरी हा पोरगा धावत गेला. तू नसता तर काकू गेल्या होत्या बाबा." मृणालनं डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "कशी आहे तुझी आत्या?" तिनं विचारलं. "तू जा ना तिच्याजवळ. मी आहे इथं."

प्रणयला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला गिळेल तर बरं. शिव्या खायला तो तयार होऊन आला होता, कौतुकाला नाही. एक शब्द न बोलता हे सगळं पचवता आलं असतं. आत्या बरी होऊन गोंदियाला परत गेली, एवढं सांगितलं की संपलं. जन्मभर लोकांनी त्याला भला माणूस म्हटलं असतं.

"आत्या नाही," तो म्हणाला.

"काय?" भोयर साहेब पुढे झाले. "गेली?"

"नव्हतीच. आतल्या खोलीत बिअरचा ड्रम आहे. यंत्राला माणूस वाटला, मी हो म्हटलं. काकूंनाही मीच आत्या सांगितली. त्यांनी गारवा दिला तो बिअरला दिला."

कुणालाच आधी अर्थबोध होईना. मग मृणालचं डोकं त्याच्या खांद्यावरून हळूच बाजूला झालं. ती ओरडली नाही, की हात उगारला नाही. "आई रोज फोनवर मला तुझ्या आत्याचं सांगायची," ती म्हणाली. "आज दोन घास जास्त खाल्ले म्हणून खूश होती ती." एवढं बोलून ती काकूंच्या वॉर्डात गेली आणि दार लावून घेतलं.

बिअर उत्तम झाली होती. वाईट निघाली असती तर त्याला थोडं तरी बरं वाटलं असतं. पंकज येऊन चव घेऊन गेला, 'कमाल आहे' म्हणाला, आणि मग सगळी हकिगत ऐकून ग्लास खाली ठेवला. नळावर नाव लावायचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. ड्रम कुणीतरी घेऊन गेलं.

पोलिसांत प्रकरण गेलं, दंड झाला, सोसायटीनं त्याला चारचौघांत झाडलं. ते व्हायलाच हवं होतं. पण खरं नुकसान वेगळंच झालं, आणि ते कबुली देताना त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीसाठी सावलीनं गारवा मागितला, तेव्हा पाटीवर एकाच घराचा आकडा उठला, आणि ते घर प्रणयचं होतं. लिफ्टमध्ये कुणीतरी हसून म्हणालं, "पाहा बाप्पा, कुणाचा ड्रम आहे ते." ज्या इमारतीत मागितलं आणि मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं, तिथं लोक आता आधी पुरावा मागत होते. यंत्राला त्यानं एकदा फसवलं होतं. माणसांना मात्र कायमचं शंकेखोर करून ठेवलं होतं.

मृणालनं काकूंना अमरावतीला न्यायचा फार प्रयत्न केला. काकू आपलं घर सोडेनात. शेवटी दिवसाची एक बाई ठेवली, आणि बाईच्या सुट्टीच्या दिवशी प्रणय वर जायचा. मृणालनं त्याला कधी ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. तो काकूंना भिंतीला धरून चालवायचा, औषधं द्यायचा, खाली मान घालून परत यायचा. आपण काय केलं ते त्यानं काकूंनाही सांगितलं होतं, दवाखान्यातच. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि बोटांनी 'जा' अशी खूण केली होती. त्यानंतर त्या विषयावर त्यांच्यात चकार शब्द झाला नव्हता. काकूंनी ऐकलं की नाही, कळलं की नाही, याचीच त्याला शंका यायची. खरं म्हणजे कळलं नसावं अशी आशा वाटायची, आणि त्या आशेची पुन्हा लाज वाटायची.

पुढचा मे महिना उजाडला. त्या दुपारी बाहेर वारा नुसता भाजत होता. पाटीवर अक्षरं आली. 'एका घरी ऊन लागलेलं माणूस आहे. तुमचा थोडा गारवा द्याल का?'

प्रणयनं विचार न करता सगळा दिला. आता हे त्याचं ठरलेलंच होतं. त्याच्या छतातल्या नळ्या थांबल्या आणि पाटीवर आकडा उठला. 'देणारी घरं: दोन.'

दोन? सबंध वर्षात तो आकडा एकाच्या वर गेला नव्हता. इमारतीत आणखी कोण देणार? उत्तर त्याला लगेच सुचलं. तो अनवाणीच जिना चढला.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. कपाळावर घाम, खोली तापायला लागलेली. बाई कुठं दिसत नव्हती, औषध आणायला गेली असावी.

"काकू, परत घ्या तो गारवा! डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. आता त्यांचा प्रत्येक शब्द जड पाय ओढत यायचा. "कुणाकडं... आहे रे... आजारी?"

"मला नाही माहीत. कुणी आहे की नाही तेही माहीत नाही." तो त्यांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. "काकू, माझ्या घरी तरी कोण होतं? कुणीच नव्हतं. मी सांगितलं होतं ना तुम्हाला? तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं... होतं."

"मग तरी देता? हेही खोटंच असलं तर?"

काकूंनी थोडा दम घेतला. एवढं मोठं माणूस एवढं साधं विचारतंय याचं त्यांना नवल वाटत असावं.

"खोटं असलं... तर बरंच ना रे," त्या म्हणाल्या. "म्हणजे... कुणी आजारी नाही."

वर्षभरात प्रणयला लोकांनी काय काय ऐकवलं होतं. काहींनी बोलणं टाकलं होतं. ते सगळं त्यानं खाली मान घालून सोसलं होतं, कारण ते त्याच्या वाट्याचंच होतं. हे वाक्य मात्र त्याला सोसवेना. त्यांना खाली आपल्या घरी न्यावं तर तिथला गारवाही तो देऊन बसला होता. तो मोरीत गेला, टॉवेल भिजवून पिळून आणला आणि त्यांच्या मानेवर ठेवता ठेवता हमसून हमसून रडायला लागला.

काकूंनी थरथरता हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला की नुसताच टेकायला जागा शोधत होत्या, ते त्याला कळलं नाही.

"रडतो काहून?" त्या म्हणाल्या. "पंखा... मोठा कर."